विमानात कोणी डॉक्टर आहे का?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दिल्लीतली वैद्यकीय परिषद आटोपून मी रात्रीच्या विमानाने पुण्याला परतत होतो. विमानाला आधीच दोन तास उशीर झालेला, त्यात धावपट्टीवर आणखी अर्धा तास खोळंबा. विमान वर चढलं आणि माझा डोळा लागला. जाग आली ती घोषणेने, ‘विमानात कोणी डॉक्टर असल्यास कृपया कर्मचाऱ्यांना कळवावं.’

खरं सांगतो, मी लगेच उठलो नाही. दुसरं कोणी उठेल, असं वाटलं. सरकारी रुग्णालयात पंचवीसेक वर्षं काढली, रोज गर्दीची ओपीडी पाहिली. पण तिथे हाक मारली की सिस्टर येतात, ईसीजी निघतो, रक्ताचा रिपोर्ट मिळतो. इथे हजारो फुटांवर माझ्याजवळ दोन हात आणि वाचायचा चष्मा. कोणीच उठेना, तेव्हा उठलो.

मागच्या रांगेत साठीचे एक गृहस्थ अस्वस्थपणे हातवारे करत होते. बोलणं असंबद्ध, शर्ट घामाने चिंब. शेजारचा तरुण वैतागून उभा राहिला होता. हवाईसुंदरी हळूच म्हणाली, ‘‘सर, प्यायलेत बहुतेक.’’

मी वास घेतला. दारूचा वास नव्हता. हात हातात घेतला तर बर्फासारखा गार, नाडी जलद. आणि बोटांच्या टोकांवर सुईचे बारीक काळे ठिपके. रोज घरी साखर तपासणाऱ्याची ती खूण! विमानातल्या औषधपेटीत रक्तदाबाचं यंत्र होतं, ग्लुकोमीटर नव्हता. काकांचा स्वतःचा ग्लुकोमीटर सामानाच्या बॅगेत, म्हणजे विमानाच्या पोटात. निदान अंदाजानेच करायचं होतं. ते घोट गिळू शकतात याची खात्री केली आणि चहासाठी ठेवलेल्या साखरेच्या पुड्या पाण्यात विरघळवून थोडं थोडं पाजलं. त्यानंतरची दहा मिनिटं फार लांब होती. अंदाज चुकला असता तर? हा पक्षाघात असता तर?

हळूहळू घाम ओसरला. काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, ‘‘पुणं आलं का हो?’’

मग उलगडा झाला. विमानात जेवू म्हणून त्यांनी हॉटेलातच इन्सुलिन घेतलं होतं. विमान रखडलं आणि जेवणही. ‘‘मुलीनं बजावलं होतं, बिस्किटं खिशात ठेवा म्हणून,’’ असं म्हणून ते ओशाळले. मला मात्र राहून राहून वाटत होतं, त्या रात्री त्यांना ‘दारुडा’ समजून कोपऱ्यात झोपू दिलं असतं, तर पुण्याला त्यांना जागं करता आलं असतं का?

उंचीवर शरीराचं काय होतं?

विमान ३५ हजार फुटांवर असलं तरी आतल्या हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरावर असतो तेवढा राखलेला असतो. त्यामुळे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण थोडं घटतं. निरोगी माणसाला ते जाणवत नाही; हृदय किंवा फुप्फुसं कमकुवत असणाऱ्याला जाणवू शकतं. हवा अतिशय कोरडी असते. शरीरातले वायूही प्रसरण पावतात. म्हणून पोट फुगतं, कान दडे बसतात आणि नुकतीच पोटाची किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना आम्ही काही काळ विमान टाळायला सांगतो.

अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये सुमारे १२ हजार घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर ६०४ उड्डाणांमागे एकदा वैद्यकीय मदतीची वेळ आली होती. सर्वाधिक तक्रार चक्कर किंवा शुद्ध हरपण्याची, त्याखालोखाल श्वासाची आणि मळमळ-उलटीची. विमान वाटेत उतरवावं लागलं ते सुमारे सात टक्के वेळाच. तो निर्णय वैमानिकाचा असतो. डॉक्टर सल्ला देतो.

प्रवासाला निघताना

रोजची औषधं, इन्सुलिन आणि ग्लुकोमीटर हातातल्या बॅगेतच ठेवा. सामानकक्षात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकतं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी.

जेवण समोर आल्याशिवाय जेवणाआधीचं इन्सुलिन घेऊ नका. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी असू द्या. घाम, थरथर, गोंधळ जाणवला तर तीन चमचे साखर लगेच घ्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नका.

चक्कर येते असं वाटलं तर उठून स्वच्छतागृहाकडे जाऊ नका. जागीच डोकं खाली वाकवा आणि हाक मारा. कोणी कोसळलंच तर आडवं झोपवून पाय वर उचला.

चार तासांहून लांबच्या प्रवासात अधूनमधून चाला, पोटऱ्या हलवा, पाणी प्या. पायात गुठळ्या होण्याचा धोका त्याने कमी होतो.

आजार लपवू नका. शेजाऱ्याला ‘मला मधुमेह आहे’ एवढं सांगण्यात कसला कमीपणा?

पुण्याला उतरल्यावर काकांची मुलगी बाहेर उभी होती. तिला सगळं सांगितलं. ती बापावर रागावली, मग रडली. आता मी विमानात बसलो की झोपण्याआधी शेजाऱ्याशी दोन शब्द बोलतो. आणि खिशात साखरेच्या दोन-तीन पुड्या असतात; मला मधुमेह नाही, तरीही.