उष्टावणाच्या दुसऱ्या दिवशीं

सोळा संस्कारांपैकीं ज्याचा आनंद घरांतील लहानथोरांस सारखाच होतो असा संस्कार म्हणजे बाळाचें उष्टावण. मौंजीबंधनांत बटूला धाक असतो, विवाहांत वधूपित्याला चिंता असते. उष्टावणांत मात्र कोणालाच कसला घोर नसतो. मामाच्या मांडीवर बसून बाळ सोन्याच्या अंगठीनें लावलेली खीर चाटतें, तोंड वेडेंवांकडें करतें, आणि सारें घर हंसतें. पंगत उठते, आहेर होतो, आणि मंडळी कृतकृत्य होऊन आपापल्या कामास लागतात. वस्तुतः खरें काम तेथून पुढेंच सुरू व्हावयाचें असतें. दुसऱ्या दिवशीं बाळाच्या वाटींत काय पडतें, आणि तें वर्षाचें होईपर्यंत रोज किती पडतें, यावर त्याच्या शरीराची घडण अवलंबून असते. समारंभाविषयीं सांगणारीं वडील माणसें घरोघर आहेत. म्हणून आम्ही आज या दुसऱ्या दिवसाविषयींच चार शब्द लिहिणार आहोंत.

या विषयाचें महत्त्व किती, हें एका सरकारी पाहणीवरून कळेल. इ. स. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत असें आढळलें कीं, सहा ते आठ महिन्यांच्या मुलांपैकीं आईच्या दुधाबरोबर घट्ट किंवा मऊ अन्न मिळणारीं मुलें शेंकडा ४६ च्या आसपास होतीं. आणि सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकीं पुरेसा आहार मिळणारीं मुलें तर शेंकडा अवघीं ११ होतीं. ही केवळ दारिद्र्याची कथा आहे असें समजून कोणीं स्वस्थ बसूं नये. पुरेशा आहाराच्या बाबतींत शहर आणि खेडें यांच्या आंकड्यांत फारसें अंतर नव्हतें. ज्या घरांत तांदुळाचें पिंप भरलेलें आहे, त्या घरांतही बाळ अर्धपोटीं राहूं शकतें, आणि त्याचें कारण बहुधा अज्ञान किंवा समजुतीचा घोटाळा हेंच असतें.

कोणता महिना?

आश्वलायन व पारस्कर या गृह्यसूत्रकारांनीं आणि मनूनें अन्नप्राशनाला सहावा महिना सांगितला आहे. सुश्रुतानेंही सहाव्या महिन्यांतच बाळास हलकें व हितकर अन्न द्यावें असें म्हटलें आहे. काश्यपसंहितेंत सहाव्या महिन्यांत फळें आणि दहाव्यांत धान्य असा भेद केलेला आढळतो. पुढें मुहूर्तग्रंथांनीं मुलाला सम महिना व मुलीला विषम महिना अशी वांटणी केली, व तीच आपल्या घरांतून रूढ झाली. आधुनिक शास्त्राचा निर्णय याच्या अगदीं जवळचा आहे. जागतिक आरोग्य परिषदेनें इ. स. २००१ मध्यें सहा महिने पूर्ण होईपर्यंत केवळ आईचें दूध, व त्यानंतर दुधाच्या जोडीला इतर अन्न, असा नियम मान्य केला. मध्यंतरीं पाश्चात्यांची मतें बरींच हेलकावत होतीं. इ. स. १९५० च्या सुमारास अमेरिकेंतील कित्येक डॉक्टर पहिल्या कांहीं आठवड्यांतच बाळाला धान्याची लापशी चारावयास सांगत. तेव्हां सहाव्या महिन्याविषयीं आपल्या पूर्वजांचा अंदाज चांगलाच अचूक होता, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

मात्र येथें मोजणीचा एक बारीक फरक आहे. पंचांग पाहणाराच्या दृष्टीनें पांच महिने पुरे होतांच सहावा लागतो. डॉक्टर मात्र पूर्ण झालेले सहा महिने, म्हणजे सुमारें १८० दिवस, मोजतात. याहून मोठी अडचण उलट बाजूची आहे. सहाव्यांत मुहूर्त मिळाला नाहीं, मामा परगांवीं आहे, किंवा घरांत सोयरसुतक आलें, म्हणजे मुलाचें उष्टावण आठव्या किंवा दहाव्या महिन्यावर जातें, आणि तोंवर त्याला अन्न द्यावयाचें नाहीं असा कित्येक घरांत कटाक्ष असतो. समारंभ खुशाल पुढें जावो. बाळाची भूक मात्र पुढें ढकलतां येत नाहीं. मनूनेंही याच ठिकाणीं कुलाचाराला मोकळीक ठेविली आहे. आमच्या मतें, सहा महिने पुरे झाल्यावर एखाद्या सकाळीं मऊ भाताचा नैवेद्य देवापुढें ठेवून आजीनें पहिला घांस भरवावा. मामा, आहेर व पंगत सवडीनें होतील. यांत वडिलांचाही मान राहतो व बाळाचेंही काम होतें.

सहा महिन्यांचाच आग्रह कां, हें समजून घेतलें पाहिजे. आईच्या पोटांत असतांना बाळानें जो लोहाचा सांठा करून घेतलेला असतो, तो या सुमारास संपत येतो. आईच्या दुधांत लोह फारच थोडें असतें. त्यांतच बाळाची वाढ झपाट्याची असल्यानें केवळ दुधांतून मिळणारी शक्तिही त्याला अपुरी पडूं लागते. उपरिनिर्दिष्ट पाहणींत सहा महिने ते पांच वर्षे या वयाच्या मुलांपैकीं शेंकडा ६७ मुलांच्या रक्तांत लोहितद्रव्य कमी आढळलें. याचा उगम पुष्कळ अंशीं या पहिल्या वर्षांतच आहे.

पातळपणाचा भ्रम

आपल्या घरांतील सर्वांत मोठी चूक पदार्थाच्या निवडींत होत नाहीं. ती पातळपणांत होते. बाळाचें पोट नाजूक, म्हणून त्याला वरणाचें पाणी, भाताची पेज, मुगाचें कढण, असें म्हटलें जातें. डाळीचें सारें सत्त्व वरच्या पाण्यांत उतरतें ही समजूत निराधार आहे. सत्त्व राहतें तें तळाशीं बसलेल्या डाळींत, आणि ती जाते मोठ्यांच्या पानांत. बाळाच्या जठरांत एका वेळीं त्याच्या वजनाच्या दर किलोमागें सुमारें ३० मिलिलिटर इतकेंच अन्न मावतें. म्हणजे आठ किलोच्या बाळाची मर्यादा २४० मिलिलिटरची झाली. ती जागा पाण्यानें भरली कीं बाळ तृप्त दिसतें, पण पोसलें जात नाहीं. आईच्या दुधाखेरीज बाळाला सहा ते आठ महिन्यांत रोज सुमारें २००, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, व पुढें दोन वर्षांपर्यंत सुमारें ५५० कॅलरी अन्नांतून मिळाव्या लागतात. एवढ्या लहान पोटांतून त्या मिळवावयाच्या तर प्रत्येक घांस भरींव हवा.

याची परीक्षा सोपी आहे. चमचा तिरपा केल्यावर जें झरकन ओघळतें तें अन्न पातळ. जें चमच्यावर ठरतें तें योग्य. त्यांत एक लहान चमचा साजूक तूप घातलें कीं आकारमान न वाढतां सुमारें ४५ कॅलरींची भर पडते. मऊ भातावर तूप वाढण्याची आपली जुनी चाल या दृष्टीनें किती शहाणपणाची आहे, हें यावरून दिसेल.

आपल्या आज्यांचें खिमट हा तर बाळाच्या अन्नाचा उत्तम नमुना होय. दोन वाट्या तांदूळ व एक वाटी मुगाची डाळ धुवून, सावलींत वाळवून, मंद आंचेवर भाजावी, व रव्यासारखी दळून घट्ट झांकणाच्या डब्यांत भरून ठेवावी. हवा तेवढा रवा पाण्यांत मऊ शिजवून वर तूप घालावें. तांदूळ व डाळ एकमेकांच्या प्रथिनांतील उणीव भरून काढतात. शिजतांना त्यांत कधीं गाजर, कधीं लाल भोपळा, कधीं पालकाचीं चार पानें घालून घोटलीं, म्हणजे तें रोजच्या रोज नवें होतें. उतरल्यावर लिंबाचे चार थेंब पिळावे. धान्याभाज्यांतील लोह अंगीं लागण्यास त्या आंबट रसाचें साह्य होतें.

दुसरें अन्न नाचणीचें सत्त्व. शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम चुना असतो. इतका दुसऱ्या कोणत्याही नेहमींच्या धान्यांत नाहीं. नाचणी भिजवून, फडक्यांत बांधून मोड आणण्याची चाल केवळ चवीसाठीं नाहीं. मोड येतांना धान्यांत पिष्ट फोडणारें एक द्रव्य तयार होतें, व त्यामुळें घट्ट लापशी पाणी न घालतांच सैल होते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत तारा गोपालदास व त्यांच्या सहकाऱ्यांनीं इ. स. १९८० च्या दशकांत यावर प्रयोग केले, आणि मोडाच्या पिठाची अगदीं थोडी मात्राही दाट लापशी गिळण्याजोगी करते असें दाखविलें. हें पीठ फार भाजूं नये, नाहींतर तो गुण नाहींसा होतो. गरम लापशींत तें ढवळून, ती सैल झाल्यावर पुन्हां एक उकळी आणावी.

केळें, पपई, चिकू, उकडलेलें रताळें व घरचें दहीं हीं हळूहळू द्यावींत. मीठ, साखर व गूळ वर्षभर तरी नको. चहा तर नकोच. त्यानें लोह वायां जातें. गाईम्हशीचें दूध पेल्यापेल्यानें पाजून अन्नाची जागा अडवूं नये, कारण त्यांतही लोह नाममात्रच असतें. शाकाहारी घरांत बाळास लोहाचें औषध देण्याविषयीं डॉक्टरांस अवश्य विचारावें. सरकारच्या २०१८ सालच्या ॲनिमियामुक्त भारत योजनेंत सहा महिन्यांवरील मुलांस आठवड्यांतून दोनदां लोहाचें औषध देण्याची तरतूद केलेली आहे.

मध आणि शेंगदाणा

येथें रूढीला दोन ठिकाणीं मुरड घालावी लागेल. गृह्यसूत्रांत अन्नप्राशनासाठीं दहीं, मध व तूप यांनीं मिश्रित अन्न सांगितलें आहे. मधाबद्दल आपली भावना कितीही पवित्र असली, तरी एक वर्षाच्या आंतील बाळास तो बोटभरही चाटवूं नये. मधांत कधींकधीं एका जंतूचीं बीजें असतात. मोठ्यांस त्यांपासून अपाय होत नाहीं, पण तान्ह्या बाळाच्या आंतड्यांत तीं रुजतात व विष निर्माण करतात. त्यामुळें बद्धकोष्ठ होतें, रडणें क्षीण होतें, मान लुळी पडते, व क्वचित् श्वासही बंद पडतो. हा बॉट्युलिझम नांवाचा रोग तान्ह्या मुलांस होतो, हें इ. स. १९७६ मध्यें अमेरिकेंत ओळखलें गेलें. मध शिजवूनही तीं बीजें मरत नाहींत. म्हणून पंचामृतांतून बाळापुरता मध वगळावा. दह्यातुपानें संस्कारांत कांहीं न्यून येत नाहीं.

शेंगदाण्याची गोष्ट याच्या उलट आहे. तो बाधतो म्हणून दोनतीन वर्षे दूर ठेवण्याची पद्धत पाश्चात्य देशांत होती. इ. स. २००८ मध्यें असें दिसून आलें कीं, लंडन येथील ज्यू मुलांत शेंगदाण्याची बाधा इस्रायलमधील ज्यू मुलांच्या सुमारें दहापट आहे. आणि इस्रायलमधील मुलें तर पहिल्या वर्षांतच शेंगदाण्याचा खाऊ खात होतीं. पुढें लंडनमध्यें बाधेचा विशेष संभव असलेल्या ६४० बाळांवर प्रयोग झाला व त्याचा निष्कर्ष २०१५ मध्यें प्रसिद्ध झाला. आरंभीं बाधेचें चिन्ह नसलेल्या मुलांपैकीं, ज्यांना शेंगदाण्यापासून दूर ठेविलें त्यांच्यांत पांचव्या वर्षीं शेंकडा १३.७ मुलांना बाधा झाली. ज्यांनीं तो नियमानें खाल्ला त्यांच्यांत शेंकडा १.९ मुलांना. तेव्हां अगदीं बारीक वाटलेलें कूट लापशींत चिमूटभर घालण्यास भिऊं नये. ज्या बाळाला तीव्र इसब आहे, त्याच्या बाबतींत मात्र आधीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. अख्खा शेंगदाणा, फुटाणा, द्राक्ष किंवा खोबऱ्याचा तुकडा बाळाच्या हातीं कधींही पडूं देऊं नये. श्वासनलिकेंत अडकलेला दाणा क्षणांत प्राण घेतो.

भरविणाऱ्या हातांविषयीं

एकत्र कुटुंबांत बाळाला हातांची वाण नसते. आजी भाताचीं दोन शितें घालते, आत्या बिस्किट देते, काका आपल्या पानांतला घांस देतात, आणि ‘आज बाळ पुष्कळ जेवलें’ असें प्रत्येकाला वाटतें. सर्वांच्या हातचें खाणारें मूल कित्येकदां कोणाच्याच हिशोबांत नसतें. यावर उपाय एकच: बाळाची वाटी वेगळी असावी, व दिवसाचा हिशोब एकीनें ठेवावा. प्रारंभीं दोनतीन चमचे, दिवसांतून दोनदां. आठव्या महिन्यापर्यंत सुमारें १२५ मिलिलिटरची वाटी, दोनतीन वेळां. नऊ महिन्यांनंतर तेवढीच तीनचार वेळां, व मध्यें एखादें फळ. वर्षानंतर याच्या दीडपट ते दुप्पट. आईचें दूध दोन वर्षांपर्यंत व त्यापुढेंही चालूं ठेवावें.

प्रारंभीं बाळ जिभेनें अन्न बाहेर ढकलतें. सूनबाईनें त्यामुळें खट्टू होऊं नये, व सासूबाईंनींही ‘याला आवडत नाहीं’ असा शेरा मारूं नये. जीभ पुढें करणें ही बाळाची उपजत क्रिया असून ती थोड्या दिवसांत मावळते. नवी चव आठदहा वेळां पुढें आल्यावर मग तें ती स्वीकारतें. तोंड फिरविल्यावर जबरीनें कोंबूं नये; थोडें थांबून पुन्हां द्यावें. हातांत मोबाईल देऊन नकळत भरविलेला घांस पोटांत जातो खरा, पण भूक व तृप्ति ओळखण्याचें शिक्षण त्यांतून होत नाहीं. भरवितांना बाळाकडे पाहावें, त्याच्याशीं बोलावें. काऊचिऊचे घांस रचणाऱ्या आपल्या आज्यांना हें कोणीं शिकवावें लागलें नव्हतें.

हात साबणानें धुवावे. वाटीचमचाच वापरावा, बाटली नको, कारण ती नीट स्वच्छ होत नाहीं. ताप किंवा जुलाब झाले असतां अन्न बंद करण्याची चाल सोडून द्यावी. दुखण्यांत थोडथोडें पुष्कळ वेळां द्यावें, व बरें झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण अधिक द्यावें, म्हणजे झालेली झीज भरून निघते.

असो. वर सांगितलेल्यांपैकीं कोणतीही वस्तु महाग किंवा दुर्मिळ नाहीं. सर्व आपल्याच कोठींत आहेत. मंगलकार्याची यादी करतांना खिरीच्या दुधाचा व अहेराच्या वाटीचा उल्लेख आपण करतोंच. त्याच यादीच्या शेवटीं ‘खिमटाचा डबा भरून ठेवणें’ एवढें एक कलम घालावें, अशी आमची वाचकभगिनींस विनंती आहे.