पाणबुड्यांची मुक्कामी बोट

समुद्राच्या तळाशीं जाऊन प्रवाळांची शोभा पाहण्याचा छंद आतां मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरांतहि शिरला आहे. मालवणजवळ बुडी मारणारा मनुष्य संध्याकाळीं किनाऱ्यावर परततो. पण मालदीवचीं दूरचीं प्रवाळद्वीपें किंवा तांबड्या समुद्रांतील एकाकी खडक पाहावयाचे, तर आठवडाभर बोटीवरच जेवावें, बोटीवरच निजावें, आणि दिवसांतून तीन-चार वेळां तिच्यावरूनच पाण्यांत उतरावें लागतें. अशा बोटीस ‘लिव्हअबोर्ड’ म्हणतात. मराठींत तिला मुक्कामी बोट म्हणतां येईल. तिची निवड बहुधा छायाचित्रांवरून होते. गाद्या शुभ्र आहेत काय, खोलींतून समुद्र दिसतो काय, एवढें पाहून पैसे भरले जातात. सुख मात्र छायाचित्रांत न दिसणाऱ्या गोष्टींवर अवलंबून असतें.

प्रथम झोंपेचा विचार. लाटेवर बोट डोलते ती तराजूच्या दांडीप्रमाणें: टोकें पुष्कळ वरखालीं होतात, मध्य फार थोडा. शिवाय जितकें उंच जावें, तितके बाजूचे हेलकावे मोठे. म्हणून ज्यास बोट लागते त्यास खालच्या मजल्यावरची, लांबीच्या मध्यावरची खोली सर्वांत स्थिर. नाळेजवळच्या खोलींत लाटांचे तडाखे ऐकूं येतात आणि मागच्या खोलींत यंत्राची घरघर. वरच्या मजल्यावरील मोठ्या खिडकीच्या खोलीस भाडें अधिक पडतें, आणि उलट्याहि तेथेंच अधिक होतात!

परंतु यांत एक पेंच आहे. जी खोली सर्वांत स्थिर, तीच संकटसमयीं बाहेर पडण्यास सर्वांत अवघड. अमेरिकेंत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर सांताक्रूझ बेटाजवळ नांगरलेल्या ‘कन्सेप्शन’ या पाणबुड्यांच्या बोटीस २ सप्टेंबर २०१९ रोजीं पहांटेपूर्वीं आग लागली. प्रवासी डेकखालील एकाच लांब दालनांत निजले होते. वर येण्यास दोन वाटा होत्या. पुढें जिना आणि मागें एका बिछान्यावर झांकणाची झडप. पण त्या दोन्ही वाटा वरच्या एकाच दिवाणखान्यांत उघडत होत्या, आणि आग तेथेंच भडकली होती. ३३ प्रवासी व एक खलाशी, म्हणजे खालीं निजलेलीं सर्व ३४ माणसें प्राणास मुकलीं. वर निजलेले पांच जण वांचले. आग कशानें लागली हें चौकशींत निश्चित ठरलें नाहीं. चार्ज करण्यास लावून ठेवलेल्या बॅटऱ्या ही एक शक्यता सांगण्यांत आली. रात्रीं फिरता पहारा मात्र नव्हता, हें निश्चित ठरलें.

तेव्हां गादीच्या जाडीपूर्वीं हे प्रश्न विचारावे. खोलींतून निघण्याच्या दोन वाटा दोन निराळ्या ठिकाणीं उघडतात काय? रात्रभर जागा कोण असतो? बॅटऱ्या कोठें चार्ज करतात, आणि झोंपेच्या वेळीं तें बंद असतें काय? प्रत्येक खोलींत धुराची सूचना देणारी घंटा आहे काय? उत्तर टाळणाऱ्या मालकाची बोट टाळावी. बोटीवर चढल्यावर पहिल्याच संध्याकाळीं संकटकाळची झडप स्वतःच्या हातानें उघडून पाहावी. यांत संकोच कशाचा?

बोटीच्या तोलाचीहि चौकशी हवी. २५ नोव्हेंबर २०२४ रोजीं मिसर देशाच्या मर्सा आलमजवळ ‘सी स्टोरी’ नांवाची मुक्कामी बोट पहांटेपूर्वीं उलटली. कांहीं जण खोल्यांत अडकून पडले व दुसऱ्या दिवशीं जिवंत बाहेर काढले गेले. कोणत्याहि बोटीवर मागाहून मजला चढविला कीं तिचा गुरुत्वमध्य वर सरकतो, आणि कललेली बोट सरळ होण्यास दुर्बळ होते. मजला नंतर चढविला असल्यास तोलाची परीक्षा पुन्हां झाली काय, हें विचारण्याचा अधिकार पैसे देणाऱ्यास आहे.

सोयीच्या बाबतींत मालदीवची एक पद्धत वाखाणण्यासारखी आहे. तेथें मोठ्या बोटीबरोबर ‘धोनी’ नांवाची दुसरी लहान नौका चालते. हवा भरण्याचें यंत्र, हवेचीं नळकांडीं, ओले पोशाख, सारें तिच्यावर. बुड्याहि तिच्यावरूनच मारावयाच्या. त्यामुळें राहण्याची बोट कोरडी व शांत राहते. जेथें धोनी नसते तेथें यंत्र मागच्या डेकवरच असतें. अशा वेळीं हवा ओढणारी नळी इंजिनाच्या धुरापासून दूर आहे ना, हें पाहावें. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि खोल पाण्यांतील दाबाखालीं त्याचें विष अधिक बाधतें.

ऋतूचें थोडक्यांत सांगावयाचें तर मालदीवचा समुद्र साधारणतः डिसेंबर ते एप्रिल शांत असतो. नैर्ऋत्य मोसमांत तो खवळतो. पण बा द्वीपसमूहांतील हनिफारू उपसागरांत मांटा नांवाचे प्रचंड पंखधारी मासे जमतात तेहि याच मोसमांत. ज्यास बोट लागते त्यानें मांटांचा मोह आवरावा हें बरें.

शेवटीं परतीचा दिवस. बुडी मारतांना रक्तांत विरघळलेला नायट्रोजन विमानांतील कमी दाबांत बुडबुड्यांच्या रूपानें बाहेर पडूं शकतो. म्हणून आठवडाभर बुड्या मारणाऱ्यानें विमानांत बसण्यापूर्वीं निदान १८ तास, शक्य तर २४ तास जाऊं द्यावे. चांगल्या बोटीच्या कार्यक्रमपत्रिकेंत शेवटची बुडी आदल्या दिवशीं सकाळींच संपलेली असते, आणि दुपारभर ओले पोशाख डेकवर वाळत पडलेले असतात.