लाभपंचमीची सुट्टी आणि ओहोटीचा हिशेब

दिवाळीपासून लाभपंचमीपर्यंत पेढी बंद असते आणि तेवढ्या चार दिवसांत आपली बरीच कुटुंबे अलिबाग-श्रीवर्धनकडे वळतात. तेथील किनाऱ्यालगतच्या छोट्या वाटा आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांना झेपतात. मात्र समुद्राची वेळ पाळावी लागते.

ती काढण्याचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणावे, येईल तो भरतीचा तास. त्याच्या सुमारे सहा तास आधी व नंतर ओहोटी. कार्तिक शुद्ध द्वितीयेला भरती दुपारी दीडला, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसातच्या सुमारास. पंचमीला तीच साडेनऊच्या पुढे. या सुट्टीतील सकाळ आपल्याला आयतीच मिळते. अर्थात हा ठोकताळा आहे. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून भरती-ओहोटीचा तक्ता पाहावा आणि स्थानिक कोळ्यांना विचारावे.

अलिबागचा कुलाबा किल्ला याच हिशेबाने पाहावा. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये त्याचे काम सुरू करविले. पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे झाला. अमावास्येच्या आसपास उधाण असल्याने भरतीला पाणी जितके चढते तितकेच ओहोटीला दूर हटते आणि किल्ल्याची वाट मोकळी होते. अष्टमीला भांगेची ओहोटी, पाणी फारसे उतरत नाही. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघावे आणि पाणी वळताच परतावे. पाच मिनिटे उशिरा आलेल्या खातेदारास आम्ही बँकेत आत घेत असू. समुद्र घेत नाही.

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणामार्गाविषयी तर मी अधिक कडक आहे. पायऱ्या उतरल्यावर लाटांनी कोरलेल्या खडकांवरून चालावे लागते आणि भरतीच्या लाटांनी तेथे माणसे ओढून नेली आहेत. पाणी चढते असेल तर पायऱ्यांवरूनच दर्शन घ्यावे.

ओहोटी साधली नाही तर कोर्लई आहे. रेवदंड्याच्या खाडीच्या मुखाशी असलेल्या या पोर्तुगीज किल्ल्यावर दीपगृहाजवळून चढता येते. वर एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला खाडी. सावली कमी, तेव्हा ऊन चढण्याआधी जावे व उकळलेले पाणी बरोबर न्यावे. पायथ्याच्या गावात पोर्तुगीज व मराठीच्या संगमातून घडलेली बोली अजून बोलतात. वाटेत मासळी सुकत घातलेली दिसेल. तो तेथील लोकांचा चरितार्थ आहे, मुलांनी नाक मुरडू नये, हे आधीच सांगून ठेवावे.

ओहोटीच्या खडकांवरील खळग्यांत शंख, खेकडे, कालवे असतात. मुलांना ती वाकून पाहू द्यावीत, पाऊल मात्र वाळूवर ठेवावे.