वनवेष्टित जमीन व प्रवेशमार्ग

वनवेष्टित जमीन व प्रवेशमार्ग : चहूबाजूंनी सार्वजनिक वनाने वेढलेल्या आणि कोणत्याही सार्वजनिक रस्त्यास न भिडणाऱ्या खाजगी जमिनीस वनवेष्टित जमीन म्हणतात व तेथे जाण्यायेण्यासाठी वनभूमीवरून काढलेल्या वाटेस किंवा रस्त्यास तिचा प्रवेशमार्ग म्हणतात. वरवर पाहता हा प्रश्न दोन शेजाऱ्यांमधील बांधाच्या तंट्यासारखा वाटतो. परंतु येथे एक शेजारी शासन असून त्याने आपली जमीन सर्व जनतेच्या वतीने धारण केलेली असते. मालकास स्वतःच्या जमिनीचा उपभोग घेता यावा ही एक न्याय्य अपेक्षा व वन अखंड राहावे हे सार्वजनिक हित, यांचा मेळ घालणे हे या विषयाचे मर्म होय. मालकास जाऊ द्यावे की नाही, याविषयी सहसा फारसे दुमत नसते. त्याने पायी जावे की मोटारीने, बारमाही जावे की केवळ उघडिपीत, शेतीसाठी जावे की वसाहत उभारण्यासाठी, हा खरा वादाचा भाग असतो.

अशा जमिनी दोन प्रकारांनी निर्माण झाल्या. भारतात वनांची सीमा आखताना, विशेषतः १८७८ च्या व पुढे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमान्वये राखीव वने जाहीर होत असताना, ज्या जमिनींवर खातेदारांचे हक्क सिद्ध झाले त्या वनातून वगळण्यात आल्या व वनाच्या पोटात बेटांप्रमाणे राहिल्या. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत याच्या उलट घडले. तेथे प्रथम शासनाने जमिनी वाटल्या आणि उरलेल्या भूमीवर नंतर राष्ट्रीय वने निर्माण केली. १८६२ च्या पॅसिफिक रेल्वे अधिनियमापासून लोहमार्ग कंपन्यांना मार्गाच्या दोन्ही अंगांस एकाआड एक असे एक चौ. मैलाचे (सु. २५९ हे.) भूखंड देण्यात आले. नकाशावर हा प्रदेश बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो : काळे घर कंपनीचे, पांढरे शासनाचे. परिणामी कंपनीला आपल्या घरात जाण्यास शासनाची व शासनाला आपल्या घरात जाण्यास कंपनीची भूमी ओलांडावी लागते.

कायद्यातील मूळ तत्त्व : एखाद्याने आपल्या जमिनीचा आतला भाग विकला व तेथे जाण्यास त्याच्याच उरलेल्या जमिनीखेरीज दुसरी वाट नसेल, तर वाटेचा हक्क विक्रीतच अंतर्भूत आहे असे मानले जाते. यास आवश्यकतेचा सुविधाधिकार म्हणतात (⟶ सुविधाधिकार). भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ (मुंबई इलाख्यास लागू १८९१) याच्या कलम १३ मध्ये हे तत्त्व ग्रथित झाले आहे. त्याच्या मर्यादा लक्षात घेण्याजोग्या आहेत. दोन्ही जमिनी पूर्वी एकाच मालकाच्या असल्या पाहिजेत. गरज ही खरी गरज हवी, केवळ सोय नव्हे. आणि दुसरी वाट उपलब्ध होऊन गरज संपली की कलम ४१ प्रमाणे हक्कही संपतो. जवळची वाट बंद असून लांबची खुली असेल, तर लांबचीच वाट पुरेशी ठरते. ग्रामीण भागात ‘पूर्वापार वहिवाट’ आणि ‘आवश्यकतेची वाट’ हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. परंतु वहिवाटीचा हक्क कालावधीने पक्व होतो (खाजगी जमिनीवर २० वर्षे, शासकीय जमिनीवर ३० वर्षे), तर आवश्यकतेचा हक्क व्यवहाराच्या क्षणीच जन्म घेतो.

अमेरिकेची संयुक्त संस्थाने : आवश्यकतेचे हे तत्त्व शासनाच्या बाबतीत कितपत लागू पडते, याविषयी तेथील न्यायालयांत दीर्घकाळ एकवाक्यता नव्हती. लिओ शीप कंपनी विरुद्ध संयुक्त संस्थाने या १९७९ च्या खटल्यात शासनच वाट मागणारा पक्ष होते. वायोमिंग राज्यातील सेमिनो जलाशयापर्यंत लोकांना जाता यावे म्हणून शासनाने कंपनीच्या भूखंडांवरून कच्चा रस्ता काढला होता. लोहमार्गाला जमिनी देताना शासनाने असा कोणताही हक्क राखून ठेवलेला नव्हता व गरज असल्यास मोबदला देऊन भूमी संपादन करण्याचा अधिकार त्याच्यापाशी होताच, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने शासनाचा दावा फेटाळला. पटावरील दोन पांढरी घरे कोपऱ्यात एकमेकांस केवळ एका बिंदूत स्पर्शतात. त्या बिंदूवरून, खाजगी जमिनीवर पाऊल न ठेवता, पायी ओलांडून जाणाऱ्या शिकाऱ्यांना अडविता येणार नाही, असा निर्णय दहाव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने २०२५ मध्ये दिला.

खाजगी मालकांच्या बाबतीत निर्णायक ठरला तो २ डिसेंबर १९८० चा अलास्का राष्ट्रीय हितभूमी संधारण अधिनियम. याच्या कलम १३२३ (अ) नुसार राष्ट्रीय वनव्यवस्थेच्या सीमेतील बिगर-संघीय जमिनीच्या मालकास, तिचा वाजवी वापर व उपभोग घेता येईल इतपत पुरेसा वाटेल तो प्रवेश कृषिमंत्र्याने द्यावयाचा आहे. अधिनियमाचे नाव अलास्काचे असल्याने हे कलम इतर राज्यांस लागू होते काय, हा वाद लगेच उपस्थित झाला. बर्लिंग्टन नॉर्दर्न या लोहमार्ग कंपनीस माँटॅना राज्यातील गॅलाटिन राष्ट्रीय वनात आपल्या भूखंडांवरील लाकूड तोडण्यासाठी रस्ता हवा होता. माँटॅना वाइल्डरनेस असोसिएशन या संस्थेने त्यास हरकत घेतली. नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने १९८१ मध्ये हे कलम सर्व देशभर लागू असल्याचे ठरविले. निर्णयाचा आधार मात्र काहीसा आडवाटेचा होता : कोलोरॅडोतील रानप्रदेशांविषयीच्या दुसऱ्याच विधेयकावरील संसदीय समितीच्या अहवालात या कलमाचा असा अर्थ गृहीत धरलेला न्यायालयास आढळला.

मालकांनी या कलमातील ‘प्रवेश द्यावयाचा’ या शब्दांवर भर दिला, तर वनखात्याने ‘पुरेसा’ आणि ‘वाजवी’ या शब्दांवर. वनखात्याच्या १९९१ च्या नियमांप्रमाणे पुरेसा प्रवेश म्हणजे, तशाच परिस्थितीतील इतर खाजगी जमिनींशी सुसंगत असा वापर शक्य करणारा व त्याचबरोबर वनाची हानी कमीत कमी करणारा मार्ग होय. ही व्याख्या समंजस आहे. शेजारच्या साऱ्या जमिनींवर उन्हाळी कुरणे असताना एकालाच बारमाही डांबरी रस्ता मिळावा, अशी मागणी तिच्या कसोटीस उतरणे कठीण. १९६४ च्या रानप्रदेश अधिनियमाने शासनास आणखी एक पर्याय दिला : रानप्रदेशातील खाजगी जमिनीस वाट द्यावी, नाही तर तिच्या बदल्यात त्याच राज्यातील सु. तेवढ्याच किंमतीची दुसरी जमीन द्यावी.

अदलाबदल हा उपाय सरळ दिसतो. तथापि तोच कधी नवी अडचण उभी करतो. कोलोरॅडोच्या दक्षिण भागातील वुल्फ क्रीक खिंडीजवळ (उंची सु. ३,३०० मी.) रिओ ग्रांद राष्ट्रीय वनातील सु. ३०० एकर (सु. १२० हे.) जमीन १९८७ मध्ये अदलाबदलीने खाजगी मालकीत गेली. ती महामार्गापासून फार दूर नव्हती, पण मध्ये वनाची पट्टी शिल्लक राहिली व तीवरील वनरस्ता हिवाळ्यात मोटारींना उपयोगी नव्हता. बर्फावरील खेळांच्या केंद्राशेजारी हजारो लोकांची वसाहत उभारावयाची तर बारमाही रस्ता हवा, अशी मागणी पुढे आली. वनखात्याने २०१५ मध्ये मंजूर केलेली दुसरी अदलाबदल संघीय जिल्हा न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द ठरविली. २०१९ मध्ये वनखात्याने कलम १३२३ च्या आधारे थेट मार्ग मंजूर केला व तोही न्यायालयात नेण्यात आला. रस्त्याची लांबी किरकोळ होती. वाद होता तो रस्त्याच्या टोकाशी उभ्या राहणाऱ्या वसाहतीचा आणि लिंक्स या दुर्मिळ वनमांजराच्या संचारमार्गाचा. ज्या शासनाने जमीन दिली त्यानेच ती देताना वाटेचा विचार पुरता केला नाही, हे या प्रकरणाचे मूळ होय.

रस्ता व वन : अर्जांमध्ये मार्गाची रुंदी बहुधा तीनचार मीटर दाखविलेली असते. प्रत्यक्षात कडेपट्ट्या व गटारे धरून १० मी. रुंदीचा पट्टा मोकळा झाला, तर १ किमी. लांबीस १ हे. वन खर्ची पडते. डोंगरउतारावर हिशोब आणखी वाढतो. दोन मीटरांस एक मीटर चढ असलेल्या उतारावर ६ मी. रुंदीची सपाटी पूर्णपणे डोंगरात कापून काढली व वरची कड ४५° कोनात ठेवली, तर त्या कडेची उंची ६ मी. व कापाची एकूण आडवी रुंदी १२ मी. भरते, खालच्या अंगास लोटलेली माती जितकी झाडे गाडते ती निराळीच. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, जेथे पावसाळ्यात अडीच हजार मिमी.हून अधिक पाऊस पडतो, तेथे कच्च्या रस्त्याच्या चाकोऱ्या दोनचार सरींतच ओहोळ बनतात. म्हणून उताराला आडवे चर, योग्य अंतरावर मोऱ्या व नाल्यांवर फरशी यांची तरतूद रस्त्याच्या मूळ आराखड्यातच असावी लागते. मागाहून ती क्वचितच होते.

रस्त्यामुळे वनाचे छत दुभंगते. शेकरूसारख्या, झाडावरून झाडावर जाणाऱ्या प्राण्यांना ही फट ओलांडता येत नाही. उजेड जमिनीपर्यंत पोहोचला की घाणेरी व रानमोडी यांचे रान कडेने आत शिरते. मागोमाग विजेचे खांब येतात, लाकडाची चोरटी वाहतूक सोपी होते व वणव्यांची शक्यता वाढते. अनुमती द्यावयाचीच झाल्यास जुन्या गाडीवाटेचाच उपयोग करणे, एकेरी मार्ग ठेवून अधूनमधून बगल देणे, डांबरीकरण न करणे, तोंडाशी कुलूपबंद फाटक बसविणे व पावसाळ्यात वाहने बंद ठेवणे, या अटी घालता येतात. त्यांचा उपयोग देखरेखीवर अवलंबून असतो; फाटकाची किल्ली किती जणांपाशी आहे, यावर पुष्कळ काही ठरते.

भारत : १९२७ च्या अधिनियमाप्रमाणे राखीव वन जाहीर होण्यापूर्वी वन जमाबंदी अधिकाऱ्यापुढे हक्क मांडण्याची संधी असते, न मांडलेले हक्क सामान्यतः कलम ९ नुसार नष्ट होतात. अंतिम घोषणेनंतर कलम २३ लागू होते. त्यानुसार वारसा अथवा लेखी अनुदान वा करार याखेरीज राखीव वनावर कोणताही नवा हक्क निर्माण होऊ शकत नाही. तात्पर्य, घोषणेनंतर सुरू झालेली वहिवाट कितीही वर्षे चालली तरी तीतून मार्गहक्क उपजत नाही. जी वाट पूर्वीची आहे तिला कलम २५ चे संरक्षण आहे : राज्य शासनाच्या पूर्वमंजुरीने वन अधिकाऱ्यास ती बंद करता येते, परंतु वाजवी सोयीची पर्यायी वाट अस्तित्वात असली अथवा करून दिली तरच.

जुनी पायवाट असणे आणि तिचा मोटाररस्ता करणे या मात्र भिन्न गोष्टी होत. वन (संवर्धन) अधिनियम, १९८० अन्वये वनभूमीचा वनेतर कामासाठी वापर करण्यास केंद्र शासनाची पूर्वमान्यता आवश्यक ठरली. टी. एन. गोदावर्मन प्रकरणी १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘वन’ या शब्दास कोशातील अर्थ लावल्याने या तरतुदीची व्याप्ती खूपच वाढली. मान्यता मिळाल्यास पर्यायी वनीकरणाचा खर्च व वनाचे निव्वळ वर्तमान मूल्य भरावे लागते. २००८ मध्ये ठरलेले या मूल्याचे दर हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये होते व पुढे ते वाढविण्यात आले. १ डिसेंबर २०२३ पासून अंमलात आलेल्या सुधारणेने अधिनियमाचे नाव बदलले, तसेच शासनाच्या देखभालीखालील सार्वजनिक रस्त्याच्या वा लोहमार्गाच्या कडेची, वस्तीला अथवा मार्गालगतच्या सुविधेला प्रवेश देणारी, प्रत्येक प्रकरणी ०.१० हेक्टरपर्यंतची वनभूमी अधिनियमातून वगळली. ही सवलत हमरस्त्यालगतच्या पट्टीपुरती आहे. वनात दोन किमी. आत असलेल्या जमिनीस तिचा लाभ नाही.

वनहक्क अधिनियम, २००६ च्या कलम ३ (२) मध्ये रस्त्यांसह काही सार्वजनिक सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनभूमी, हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे न तोडता व ग्रामसभेच्या शिफारशीने, देण्याची सोय आहे. ती शासनाच्या व्यवस्थापनाखालील सुविधांसाठी आहे. एकट्या मालकाच्या बंगल्यासाठी नाही. वनातील पाड्यावर रुग्णवाहिका पोहोचणे व सुटीतील निवासापर्यंत मोटार पोहोचणे यांत कायद्याने केलेला हा भेद योग्यच म्हणावा लागेल. अभयारण्यात स्थावर मालमत्ता असणाऱ्यास वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ प्रमाणे प्रवेश करता येतो. प्रवेशाच्या या मुभेत रस्ता बांधण्याची मुभा येत नाही.

महाराष्ट्रात शेतरस्त्यांचे तंटे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली, तर अस्तित्वातील वाटेवरील अडथळे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारापुढे जातात. पहिल्या तरतुदीत इतरांच्या भूमापन क्रमांकांच्या बांधांवरून वाट देता येते व तीत शेतकऱ्याची वाजवी गरज पाहिली जाते. परंतु अशा आदेशाने राखीव वनातून नवा रस्ता काढता येत नाही, कारण तेथे १९८० चा अधिनियम आड येतो. कोकणात व घाटमाथ्यावर वनालगतच्या जमिनी स्वस्त मिळतात, यामागे बहुधा हेच कारण असते. अशा जमिनीची वाट ठरविताना सातबारा उताऱ्यातील ‘इतर हक्क’ या रकान्यातील नोंद, गाव नकाशावरील पायवाटेची एकेरी वा गाडीवाटेची दुहेरी तुटक रेषा आणि वन जमाबंदीच्या वेळचा अभिलेख ही तीन साधने पडताळली जातात. तिन्हींमध्ये केवळ पायवाट आढळली, तर घेणाऱ्याच्या हाती पायवाटच येते.