रुतलेली पिकअप आणि मागच्या एक्सलवरचा आळ

जून सरता सरता कंधार-लोह्याकडे पाणंदीत रुतलेली पिकअप बघितली नाही, असा माणूस सापडायचा नाही. मागचं एक चाक गरगर फिरतंय, त्याच्या जोडीचं निवांत उभं, आणि बांधावरून सल्ले सुरू. त्यातला एक ठरलेला: "मालक, मागचा एक्सल बदलून घ्या. मोठ्या गाडीचा टाका, मग बघा कशी निघती."

आमची पिकअप केळी, सोयाबीन आणि कधी कधी वऱ्हाडही वाहते. हा सल्ला आम्ही मनावर घेणारच होतो. पण खर्च विचारता विचारता एवढं कळलं की चिखलात अडकवतो तो एक्सल नव्हेच, आणि एक्सल मोडतो तो बहुतेक वेळा चिखलामुळे नव्हे.

एक्सल ओझं पेलतो आणि इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेतो. चाक जमीन धरतं की नाही, हे टायर, वजन आणि मधलं डिफरन्शियल ठरवतं. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतं. ऐकायला न्याय्य वाटतं, पण गोम तिथेच आहे. निसटणारं चाक जेवढा पीळ घेईल, जवळपास तेवढाच पलीकडच्या, मुरमावर घट्ट उभ्या चाकाला मिळतो. मग एक्सल दहा टनी गाडीचा का असेना! त्यात आपलं काळं रान. या मातीतली मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती पाणी पिऊन फुगते, टायरच्या नक्षीत गच्च भरते आणि दोन फेऱ्यांत नवा टायर गोटा होतो.

रिकामी पिकअप तर जास्तच रुतते. इंजिनाचं वजन पुढे आणि जोर मागच्या चाकांवर, मागे मात्र भार नाही. मोंढ्यात माल टाकून रिकाम्या परतणाऱ्या गाड्या का अडकतात, त्याचं हे कारण. एक्सलच्या बरोबर वर पाच-सहा भरलेली पोती ठेवली तर फरक लगेच जाणवतो. पार मागे फाळक्याला लागून ठेवली तर पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग ऐकत नाही, तेवढं जपायचं.

मग पुढचा जुगाड येतो. डिफरन्शियलच्या आतल्या गिअरना वेल्डिंग मारा, दोन्ही चाकं एकत्रच फिरतील. फिरतात खरी. चिखलात गाडी निघतेही. पण ती परत डांबरावर येते ना! मागच्या दोन चाकांत १.४ मीटर अंतर धरलं, तर गाडी पूर्ण उलटी वळवताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळजवळ ४.४ मीटर जास्त चालतं. वेल्डिंग मारलेल्या गाडीत हा फरक टायर घासून नाहीतर शाफ्ट पिळवटून वसूल होतो, आणि ओल्या रस्त्यावर वळणात मागची बाजू सरकते. तुळजापूर-नागपूर महामार्गावर भरलेली गाडी अशी चालवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. कंपनीतूनच डिफरन्शियल लॉक बसवून येणाऱ्या गाड्या आहेत. २०२० नंतरच्या थारच्या काही मॉडेलमध्ये, बोलेरो निओच्या एन १० (ओ) मध्ये आणि टोयोटा हायलक्समध्ये ते मिळतं. यातली निओ फोर बाय फोर नाही, फक्त मागच्या चाकांवर चालते. म्हणजे "लॉक फक्त फोर बाय फोरला असतं" हाही गैरसमजच.

आता पाट्यांची गोष्ट. ही आमच्याच घरची. गाडी खाली लागायली म्हणून एका गॅरेजात दोन्ही बाजूंना जास्तीचे कमान पाटे टाकून घेतले. हौदा उंच झाला, गाडी रुबाबदार दिसू लागली, आणि पहिल्याच पाणंदीत मधला उंचवटा डिफरन्शियलला खर्रकन घासला. हसावं की रडावं कळेना. अखंड एक्सलच्या गाडीत डिफरन्शियल चाकांच्या मधोमध असतं. पाट्यांनी उचलली जाते ती चासी आणि हौदा, डिफरन्शियल होतं तिथेच राहतं. ते वर घ्यायला टायरच मोठा लागतो, आणि तिथेही हिशेब कंजूष आहे. २१५/७५ आर १५ चा टायर काढून २३५/७५ आर १५ चा टाकला तर व्यास ३० मिलिमीटर वाढतो आणि डिफरन्शियल वर येतं १५ मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या जाडीएवढं. बदल्यात चाकाची ओढ सुमारे चार टक्के घटते आणि काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टने पळत असते. शिवाय कडक पाट्यांमुळे रिकामी गाडी उडू लागली, खड्ड्यात एक चाक अधांतरी राहू लागलं, आणि अधांतरी चाकाचं काय होतं ते वर आलंच आहे. पाटे महिनाभरात काढले.

"पाटे वाढवले की भार वाढवता येतो" हा याचाच भाऊ. गाडी किती पेलेल हे चासी, ब्रेक, टायर, बेअरिंग आणि हौसिंग, म्हणजे एक्सलचं बाहेरचं कवच, मिळून ठरवतात. पाटे वाढवल्याने गाडी वाकलेली दिसत नाही, इतकंच. ओझं तेवढंच राहतं आणि खड्ड्याचा दणका थेट हौसिंगवर जातो. त्यातून चिखलात सुसाट फिरणारं चाक अचानक दगडावर धरलं गेलं, की तो झटका शाफ्टचे दाते पिळून काढतो.

खरोखर मजबूत एक्सल हवाच असेल तर फुल फ्लोटिंग आणि सेमी फ्लोटिंग हा फरक कळायला हवा. सेमी फ्लोटिंगमध्ये शाफ्ट चाक फिरवतोही आणि गाडीचा भारही झेलतो. तो मोडला तर चाकच बाहेर येऊ शकतं. फुल फ्लोटिंगमध्ये भार हबच्या बेअरिंगांवर आणि हौसिंगवर असतो, शाफ्टकडे फक्त फिरवण्याचं काम, आणि जॅक न लावता तो ओढून काढता येतो. चाकाच्या मध्यावर पुढे आलेला हब आणि त्यावर बोल्टांचं कडं दिसलं, की बहुधा हाच एक्सल. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला मागे फुल फ्लोटिंगच होता.

पण भंगारातून असा एक्सल आणून बसवण्याआधी दोन गोष्टी. फोर बाय फोर गाडीत पुढच्या-मागच्या क्राउन-पिनियनचं गुणोत्तर एकच लागतं, नाहीतर जोर पुढे-मागे वाटणारी ट्रान्सफर केस खलास. दुसरी कायद्याची. कंपनीने ठरवलेली आणि नोंदणीत असलेली रचना बदलायला मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आडवं येतं आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. १८२ अ कलमाखाली अशा प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. जादा भाराला १९४ कलमात २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० आहेत, ते वेगळेच.

एक्सलचा खरा वैरी मात्र ओढ्यात भेटतो. लांबून आल्याने तापलेलं हौसिंग गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर, म्हणजे हौसिंगला हवा जायची वाट, किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. बाहेरून काही दिसत नाही. गाडी पंधरा दिवस झकास चालते, मग घुरघुर सुरू होते आणि मिस्त्री क्राउन-पिनियनच्या जोडीचा भाव सांगतो. आम्ही आता ब्रीदरला रबरी नळी जोडून ती हौद्याखाली उंच बांधली आहे, आणि ओढा ओलांडण्याआधी गाडी दहा मिनिटं उभी करतो. तरी पोळ्याच्या आसपास एकदा मी हौसिंगच्या भरायच्या बोल्टातून बोट घालून बघतो. गिअर ऑइल मधासारखं निघालं तर बोल्ट परत आवळायचा. दुधाच्या चहासारखं निघालं तर त्याच दिवशी सगळं काढून नवं भरायचं.