वाघोबाची शिळा



आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या अगदीं पश्चिमेस, कळसूबाई व हरिश्चंद्रगड यांच्या कुशींत, अकोले तालुक्यांतील महादेव कोळी व ठाकर लोकांचीं गांवें आहेत. त्या बाजूस शिवेवर एखाद्या झाडाखालीं शेंदूर माखलेली शिळा किंवा लाकडी फळी उभी दिसते. तिच्यावर वाघ कोरलेला असतो व त्याच्या माथ्यावर सूर्य आणि चंद्र. हाच वाघोबा. शिल्पशास्त्राच्या कसोटीस हें काम उतरणार नाहीं. कित्येकदां शेपटी धडाहून लांब आणि मुद्रा मांजराची! परंतु कोरणाऱ्याला वाघाचें हुबेहूब रूप दाखवावयाचें नसतेंच. जुन्या दानपत्रांच्या शिळांवरही सूर्यचंद्र कोरीत, तें दान अक्षय राहावें म्हणून. मला तर ही शिळाही जनावराशीं केलेल्या कराराचा लेखच वाटते.

आश्विन वद्य द्वादशीस आपण वसुबारस म्हणून गाय-वासराची पूजा करतों. त्याच दिवशीं तिकडे वाघबारस. गुराखी घरोघर फिरून तांदूळ व दूध जमवितात, वाघोबापुढें खीर शिजते आणि गुरांना व गुराख्यांना सांभाळ, असें त्याला मागणें घालतात. जो गाय खाणार त्यालाच गायीची राखण सांगावयाची! त्या भागांत शिक्षक असतांना या दिवशीं निम्मा वर्ग रिकामा पाहून मी हजेरीपटावर लाल फुल्या मारीत असें. एकदां एका पोराला विचारलें, "खीर वाघ खातो काय रे?" तो म्हणाला, "न्हाई गुरुजी, आमीच खातो. पन आधी त्याला इचारतो." त्याची फुली मीं खोडली.

याच रानांत बाळहिरडा होतो. आंतली आठळी कठीण होण्यापूर्वींच कोंवळें फळ उतरवून उन्हांत वाळवितात. मग तें काळें पडतें. शहरांतली आजी बाळगुटीसाठीं सहाणेवर जो हिरडा उगाळते, तो अकोले, जुन्नर, आंबेगांवच्या डोंगरांतला असण्याचा फार संभव आहे. पोटाच्या तक्रारींवरचें हें औषध ज्या वाटांनीं गोळा होतें, त्या वाटा बिबट्याच्याही आहेत. वाघोबाला हात जोडून रानांत शिरणारा मनुष्य सावधपणें शिरतो, एवढें तरी शहाण्यानें मान्य करावें.

पट्टेरी वाघ या डोंगरांतून गेला. बिबट्या राहिला, आणि आतां तो उसांत राहतो. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अकोल्याच्या खोऱ्यांत स्वयंचलित कॅमेरे लावून केलेली पाहणी २०१३ सालीं प्रसिद्ध झाली. दर चौरस किलोमीटरास ३०० हून अधिक माणसें असलेल्या त्या मुलखांत १०० चौरस किलोमीटरांत सुमारें ५ मोठे बिबटे आढळले. तरी माणसांवरील हल्ले विरळा. उलट शेजारच्या जुन्नरास २००१ पासून बिबटे पकडून दूर रानांत सोडण्याचा सपाटा लागला, तेव्हां माणसांवरील हल्ले दरसाल सरासरी ४ होते ते १७ वर गेले. जागा हिरावलेलें जनावर अनोळखी मुलखांत काय करील!

तथापि ज्या घरचें मूल बिबट्यानें नेलें, त्या घरीं वाघोबाची थोरवी सांगावयास मी जाणार नाहीं. तेथें पिंजरा मागितला जातो, यांत नवल नाहीं. शेंदरानें बिबट्या आवरत नाहीं, हें डोंगरांतले लोकही जाणतात. म्हणून तर ते दिवेलागणीस गुरें गोठ्यांत कोंडतात आणि पोरांना एकटें बाहेर सोडीत नाहींत. उसाच्या पट्ट्यांत घरें मळ्यांत एकेकटीं, मुलें अंगणांत, गोठ्याला दार नाहीं. दाराचा खर्च पिंजऱ्याहून पुष्कळ कमी.

वाघबारस सरते न सरते तोंच उसाची तोडणी सुरू होते. तोडीवाल्यांना सरींत कधीं कधीं बिबट्याचे बछडे सांपडतात. ते उचलून नेले तर मादी चवताळून आसपास फिरत राहते. म्हणून जाणते वनकर्मचारी बछडे तपासून संध्याकाळीं त्याच शेतांत उघड्या पेटींत ठेवतात व माणसांना दूर करतात. बहुधा रात्रींतूनच मादी येते आणि एकेकाला तोंडांत धरून घेऊन जाते.