बुरशीचा दुसरा सातबारा



तांबेरा, काणी, मर ही उसावरील रोगांची नावे आपल्या तोंडी नेहमीचीच आहेत. हे तिन्ही रोग बुरशीमुळे होतात. मळी आंबवून अल्कोहोल तयार करणारे यीस्ट, तीसुद्धा एक बुरशीच. एक बुरशी आपले नुकसान करते, दुसरी पैसा मिळवून देते. या दोघींच्या पेशीत तंतुकणिका नावाची एक अतिसूक्ष्म वस्तू असते. औषध चांगले असूनही काही वर्षांनी त्याचा गुण का येत नाही, याचे एक मोठे कारण या तंतुकणिकेत दडलेले आहे. म्हणून विषय जरा किचकट असला तरी समजून घेतलेला बरा.

तंतुकणिका म्हणजे काय?

कारखान्यात बगॅस जाळून वाफ होते आणि त्या वाफेवर सगळा गाडा चालतो. पेशीतले बॉयलर म्हणजे तंतुकणिका. अन्न आणि प्राणवायू वापरून ती पेशीला शक्ती पुरवते.

पण ही वस्तू मुळात पेशीची नव्हे. दीडशे ते दोनशे कोटी वर्षांपूर्वी एक जिवाणू दुसऱ्या पेशीत शिरला आणि तिथेच कायमचा राहिला. त्याचीच पुढे तंतुकणिका झाली. अमेरिकेतील शास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली ही गोष्ट ठामपणे मांडली, तेव्हा फार थोड्यांना ती पटली. आज ती सर्वमान्य आहे.

स्वतंत्र जिवाणू असल्यामुळे त्याच्याकडे स्वतःची जनुके होती. त्यातील बहुतेक काळाच्या ओघात हरवली किंवा पेशीच्या केंद्रकात वर्ग झाली. थोडी मात्र अजून तंतुकणिकेच्याच नावावर आहेत. म्हणजे बुरशीचा मोठा सातबारा केंद्रकात आणि दुसरा छोटा सातबारा तंतुकणिकेत, असा हा प्रकार.

यीस्टने दिलेला पुरावा

हा दुसरा सातबारा असल्याचा सुगावा यीस्टमुळेच लागला. १९४० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये बोरिस एफ्रुसी यांना यीस्टच्या काही वसाहती नेहमीपेक्षा खुरट्या दिसल्या. त्या साखर आंबवून जगत, पण प्राणवायू वापरण्याची शक्ती त्यांनी गमावली होती. हा दोष पुढच्या पिढीत उतरे, मात्र केंद्रकातल्या जनुकांच्या नियमाने नव्हे. तंतुकणिकेत स्वतंत्र जनुके असतात हे पुढे १९६० च्या दशकात सिद्ध झाले, आणि त्या खुरट्या यीस्टचा तोच सातबारा बिघडलेला होता हेही कळले.

क्षेत्र मोठे, पीक थोडे

माणसाच्या तंतुकणिकेचा सातबारा १६,५६९ अक्षरांचा आहे आणि त्यातून १३ प्रथिने बनतात. आपल्या यीस्टचा सुमारे ८५ हजार अक्षरांचा, पण प्रथिने फक्त ८! एका वेगळ्या जातीच्या यीस्टचा जेमतेम १९ हजारांचा, तर बाजारात मिळणाऱ्या बटण अळंबीचा तब्बल १ लाख ३५ हजारांचा. बुरशीबुरशीत एवढी तफावत का?

एक तर त्यात पडीक जमीन फार. दुसरे म्हणजे बांडगुळे. जनुकाच्या मधोमध घुसून बसलेले हे तुकडे असतात, त्यांना इंट्रॉन म्हणतात. पेशी जनुकाची नक्कल काढते, तेव्हा इंट्रॉन कापून बाजूला करते आणि दोन्ही टोके सांधते. काही इंट्रॉन तर स्वतःची कात्री घेऊन येतात. जिथे इंट्रॉन नाही तिथे नेमक्या जागी ती चिरते आणि चीर बुजवताना इंट्रॉनची नक्कल तिथे बसते. अशाने बांडगूळ पसरत जाते. बटण अळंबीच्या तंतुकणिकेत असे ४६ इंट्रॉन मोजले आहेत.

आता औषधाकडे वळू

पाइनच्या गळालेल्या शंकूंवर उगवणाऱ्या एका छोट्या अळंबीत जर्मन शास्त्रज्ञांना १९७७ साली एक द्रव्य सापडले. ते इतर बुरशींचा श्वास बंद पाडते. त्यावरून ॲझॉक्सिस्ट्रोबिन, पायराक्लोस्ट्रोबिन, ट्रायफ्लॉक्सिस्ट्रोबिन ही औषधे निघाली. ॲझॉक्सिस्ट्रोबिन १९९६ साली बाजारात आले. ही सारी औषधे ज्या प्रथिनावर घाव घालतात, त्याचे जनुक तंतुकणिकेच्या सातबाऱ्यात आहे.

१९९८ सालीच उत्तर जर्मनीत गव्हावरील भुरी या औषधाला दाद देईना. तपासल्यावर कळले की त्या जनुकात एकच अक्षर बदलले होते. त्यामुळे प्रथिनाच्या १४३ व्या जागेवरचा घटक बदलला आणि औषधाला चिकटायला जागाच उरली नाही. बदललेली बुरशी मुळात मूठभर असते. आपण तेच ते औषध मारत राहतो, जुनी बुरशी मरते आणि ही मूठभर सगळे रान व्यापते.

गव्हाचा तांबेरा मात्र या वाटेने सुटला नाही. त्याच्या जनुकात १४३ व्या जागेला लागूनच एक इंट्रॉन आहे. तिथले अक्षर बदलले की इंट्रॉन नीट कापला जात नाही, प्रथिन बनत नाही आणि बुरशी मरते. बुरशीच्या अंगावरचे बांडगूळ इथे शेतकऱ्याच्या कामी आले!

पण म्हणून गाफील राहून चालणार नाही. सोयाबीनच्या तांबेऱ्यातही तिथेच इंट्रॉन आहे. तरी ब्राझीलमध्ये २०१३ नंतर त्याने १२९ व्या जागी बदल करून दुसरी वाट काढली आणि औषधाचा गुण कमी झाला.

आपण काय करावे?

१. डब्यावरचे कंपनीचे नाव पाहू नका, औषधाचे मूळ नाव वाचा. नावाच्या शेवटी 'स्ट्रोबिन' असेल तर ती सगळी एकाच घरातली. कंपनी बदलली म्हणजे औषध बदलले असे होत नाही.

२. एका हंगामात लागोपाठ एकाच घरातले औषध मारू नका. वेगळ्या प्रकारे काम करणाऱ्या औषधाशी आलटूनपालटून वापरा, किंवा दोन्हींचे शिफारस केलेले तयार मिश्रण घ्या.

३. मात्रा शिफारशीप्रमाणेच ठेवा. पिकासाठी शिफारस आहे का, हे शेती विभागात विचारून घ्या.

४. निरोगी बेणे, बेणेप्रक्रिया आणि रोगाला तोंड देणारे वाण यांवर भर द्या. फवारणी जितकी कमी लागेल, तितके औषध जास्त वर्षे टिकेल.

शेवटची गोष्ट. बुरशीचे बीजाणू वाऱ्यावर जातात, त्यांना बांध अडवत नाही. एकाच्या रानात औषधाला न जुमानणारी बुरशी तयार झाली, तर ती शिवारभर जाते. म्हणून औषध जपून वापरणे हे एकट्यादुकट्याचे काम नाही. पाणी आणि रस्ता आपण मिळून सांभाळतो, तसेच औषधही मिळूनच सांभाळावे लागेल.